पासंग आणि सूट

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठल-रखुमाईचा रथ निघतो. जळगाव महापालिकेत सामावून गेल्यानंतरही ज्या वस्तीने आपले गावपण पुरते टाकलेले नाही, तेथे त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसते. याच दिवसांत आणखी एक गर्दी घराघरांत आणि दुकानादुकानांत लोटलेली असते. ती प्रवेशाच्या याद्यांची. वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी, फार्मसी अशा नाना याद्या लागत असतात आणि ज्याच्या घरात बारावी झालेले मूल आहे त्याचे लक्ष गल्ल्याकडे कमी व मोबाइलकडे जास्त असते. या हंगामात किराणा-भुसाराच्या कोणत्याही दुकानाच्या गादीवर एक संवाद थोड्याफार फरकाने ऐकू येतो.

"शेठजी, पोराची जागा दोन मार्कांनी हुकली हो."

"अरेरे! दोनच मार्कांनी? आणि भाऊ, त्या अपंगांच्या कोट्यात म्हणे कितीतरी कमी मार्कांवर नंबर लागतो."

"तेच तर म्हणतो मी. पाय अधू असला म्हणून बुद्धी थोडीच अधू असते? मग मार्कांत सवलत कशाला?"

हा शेवटचा प्रश्न वरवरचा नाही. तो मत्सरातूनच विचारला जातो असेही नाही. ज्या बापाने दोन वर्षे मुलाच्या क्लासची फी भरली, त्याच्या तोंडी तो येणे स्वाभाविक आहे. बुद्धी शाबूत असेल तर गुणांची अट सर्वांना एकच का नको, आणि बुद्धीच कमी पडत असेल तर प्रवेश कशासाठी, असा हा पेच आहे. तो टाळून दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी केवळ कळवळ्याचे चार शब्द लिहिणे सोपे आहे. पण त्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि त्या विद्यार्थ्याचा मानही राहत नाही.

उत्तराची सुरुवात दुकानातल्याच तराजूपासून करता येईल. हाती धरायची तागडी वापरणाऱ्या पिढीला पासंग माहीत आहे. एक पारडे मुळातच जड असेल तर हलक्या बाजूला थोडे वजन बांधून दांडी समपातळीत आणतात, आणि मगच माल तोलतात. तेलाचे भांडे तोलण्याआधी त्याचा धडा करतात, पोत्यासकट तोललेल्या मालातून बारदानाचे वजन वजा करतात. यातली कोणतीही गोष्ट गिऱ्हाइकावर उपकार म्हणून होत नाही. ती केली नाही तर तोलच खोटा ठरतो. सूट ही वेगळी गोष्ट. पन्नास रुपयांचा माल ओळखीच्याला पंचेचाळीसला दिला तर ती सूट. तिचा तोलाशी संबंध नसतो, देणाऱ्याच्या मर्जीशी असतो. दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सर्वच सोयींना सरसकट 'सवलत' हा एकच शब्द लावला जातो आणि त्यामुळे पासंग कोणता आणि सूट कोणती हे कळेनासे होते.

परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक हा निखळ पासंग आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग उमेदवाराला दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास जादा मिळतो. दृष्टिहीन मुलाला प्रश्न ऐकून घ्यावा लागतो, उत्तर सांगावे लागते, लेखनिकाने काय लिहिले ते पुन्हा ऐकावे लागते. हे सारे तीन तासांत बसवायला सांगणे म्हणजे त्याचे ज्ञान न मोजता त्याचे डोळे मोजणे होय. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले अवनी प्रकाश प्रकरण याच एका तासाचे आहे. लेखनदोष असलेल्या या विद्यार्थिनीकडून २०२१ च्या 'नीट' परीक्षेत नियमाने मिळायचा जादा तास न देताच उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्या हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले. मात्र लक्षावधी उमेदवारांच्या परीक्षेत एकटीसाठी फेरपरीक्षा घेता येणार नाही असे सांगून, झालेला अन्याय कसा दूर करता येईल याचा विचार करण्याचा आदेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दिला. एक तास तिला परत मिळाला नाही तो नाहीच. दोन गुणांनी हुकलेल्या जागेची हळहळ ज्यांना कळते, त्यांना हा हिशेबही कळेल.

जैन वाचकांना या संदर्भात एक नाव आठवायला हवे. पंडित सुखलालजी संघवी यांचा जन्म १८८० साली सौराष्ट्रातील लिमली या गावी व्यापारी घराण्यात झाला. रिवाजाप्रमाणे त्यांनी दुकानातच बसायचे होते. सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. त्या काळी अशा मुलाला घरच्या ओसरीवर बसवून दोन वेळचे जेवण देणे हीच दया समजली जाई. सुखलालजी मात्र काशीला गेले आणि तेथील यशोविजय जैन संस्कृत पाठशाळेत त्यांनी व्याकरण, साहित्य व न्यायशास्त्राचा अभ्यास केला, तोही संपूर्णपणे कानांनी. कोणी वाचून दाखवायचे, त्यांनी ऐकायचे, मनात साठवायचे आणि मग दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे. पुढे गुजरात विद्यापीठात पंडित बेचरदास दोशी यांच्यासमवेत त्यांनी सिद्धसेन दिवाकरांच्या 'सन्मतितर्का'चे संपादन केले. हस्तलिखितांच्या पाठभेदांचे हे काम डोळे असलेल्यांनाही थकवणारे आहे. १९३३ पासून १९४४ पर्यंत ते बनारस हिंदू विद्यापीठात जैन दर्शनाचे प्राध्यापक होते. १९५८ साली साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ साली पद्मभूषण असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले.

आता हिशेब पाहावा. सुखलालजींना कोणी गुण वाढवून दिले नव्हते. त्यांना जे मिळाले ते वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा माणूस, आणि दार न लावणारी पाठशाळा. एवढा पासंग मिळताच तराजूने खरे वजन दाखवले. आज तेच काम संगणकावरील वाचक-प्रणाली करते. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले.

पण गादीवरचा प्रश्न जादा वेळेचा नव्हता, गुणांचा होता. तेथे गोष्ट इतकी स्वच्छ नाही आणि ती तशी आहे असे भासवू नये.

'नीट'मध्ये खुल्या गटातील उमेदवाराला पात्रतेसाठी ५० वे शतमत, तर त्याच गटातील दिव्यांग उमेदवाराला ४५ वे शतमत आवश्यक असते. २०२३ साली प्रत्यक्ष गुणांत याचा अर्थ ७२० पैकी १३७ आणि १२१ असा झाला. म्हणजे फरक १६ गुणांचा, शेकड्यात बोलायचे तर सव्वादोन टक्क्यांचा. येथे कोणी रास्तपणे म्हणेल की पात्रता वेगळी आणि प्रत्यक्ष जागा मिळणे वेगळे. राखीव जागेवर शेवटी नंबर लागणाऱ्याचे गुण सर्वसाधारण यादीतील शेवटच्या गुणांपेक्षा पुष्कळच खाली असू शकतात. ते खरे आहे. ती तफावत नाकारून वाद जिंकता येणार नाही.

मग त्या तफावतीचे समर्थन काय? बारावीनंतरचा गुण हा एका दिवसाच्या बुद्धीचा आकडा नसतो. बारा वर्षांच्या वाटचालीचा तो शेरा असतो. २०११ च्या जनगणनेत देशातील २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी जवळजवळ ४५ टक्के निरक्षर आढळले. जी मुले शाळेत टिकतात त्यांच्यापैकी एखाद्याला ब्रेल पुस्तक सत्र निम्मे झाल्यावर मिळते, एखाद्याला ऐकू येत नाही आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, एखादीची चाकाची खुर्ची क्लासच्या इमारतीपाशी येऊन थांबते कारण वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो आणि लिफ्ट नसते. ज्या क्लासच्या जोरावर दुकानदाराच्या मुलाचे गुण वाढले, तो जिनाच हिला चढता आला नाही. दोघांच्या गुणांतील फरकात बुद्धीचा भाग किती आणि जिन्याचा किती, हे कोणत्याही उत्तरपत्रिकेवर लिहिलेले नसते. म्हणून कायदा अंदाजाने वजावट करतो. बारदान प्रत्येक पोत्याचे वेगळे तोलत बसत नाहीत, ठरावीक वजन धरून वजा करतात. त्यात कोणाला थोडे जास्त जाते, कोणाला थोडे कमी. तरीही बारदान अजिबात वजा न करण्यापेक्षा तो व्यवहार अधिक खरा असतो.

याच दिशेने सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२० रोजी आर्यन राज प्रकरणात निर्णय दिला. चंडीगडच्या शासकीय कला महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना किमान ३५ टक्के आणि दिव्यांगांसह इतरांना ४० टक्के गुणांची अट होती. दिव्यांग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागेच ठेवल्या गेल्या आहेत, म्हणून तीच ३५ टक्क्यांची मुभा त्यांनाही मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. गुणांची अट पूर्णपणे काढून टाका असे न्यायालयाने म्हटलेले नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

दोन मार्कांनी हुकलेल्या मुलाच्या बापाला यावरही एक शंका उरते. माझ्या मुलाची जागा तर गेलीच ना? येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात. शंभर जागांच्या वर्गात पाच. जळगाव-धुळे एस.टी.त दिव्यांगांसाठी राखलेली एखादी आसने असतात. गाडी भरली की उभे राहिलेल्या तीस जणांपैकी प्रत्येकाला वाटते की ते आसन राखीव नसते तर मी बसलो असतो. वास्तविक तिसांपैकी दोघे बसले असते आणि अठ्ठावीस तेव्हाही उभेच राहिले असते. प्रवेशाच्या यादीत हुकलेल्यांची संख्या तीस नसते, हजारोंनी असते. त्यातील प्रत्येकाची हळहळ खरी आहे. पण त्या हळहळीचे कारण म्हणून ज्या पाच जागांकडे बोट दाखवले जाते, त्या बहुतेकांच्या वाट्याला कधीच येणार नव्हत्या. शिवाय त्या पाचही भरतात असे नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ साली देशातील सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांत दिव्यांग विद्यार्थी सुमारे ७९ हजार होते. शेकडा पाचाची तरतूद आणि प्रत्यक्षात हजारी जेमतेम दोन.

आकडा इतका खाली का, याचे उत्तर गुणांच्या अटीत कमी आणि दाराच्या रचनेत जास्त सापडते. खरा अन्याय कोठे होतो हे पाहायचे असेल तर गुण असूनही ज्यांना परत पाठवले गेले त्यांच्या कथा पाहाव्यात. आठव्या वर्षी पोलिओ झालेले आणि चाकाच्या खुर्चीवर वावरणारे डॉ. सुरेश अडवाणी यांना मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम प्रवेश नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते, पायांचे होते. त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. १९८३ साली टाटा रुग्णालयात एका नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारे ते हेच. पुढे ते पद्मश्री आणि पद्मभूषण झाले. प्रथम दिलेला नकार कायम राहिला असता तर त्या मुलीचे काय झाले असते, हा प्रश्न प्रवेश समितीच्या कागदावर कधीच उमटला नसता.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. २०१६ साली लागलेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ होता. रेल्वेच्या लेखा सेवेसाठी नाव आले, पण पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन नेमणूक नाकारण्यात आली. पुढच्याच वर्षी त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या प्रशासकीय सेवेत गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी कार्यभार स्वीकारला. हिशेबाच्या खात्याला ज्या व्यक्तीचा उपयोग नाही असे वाटले, तिच्या हाती वर्षा-दोन वर्षांत महसूल प्रशासनाची जबाबदारी आली.

सर्वात विलक्षण कहाणी नियमाची आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या तत्कालीन नियमांत वाचा व भाषेच्या अपंगत्वाविषयी अशी तरतूद होती की ते ४० टक्के किंवा अधिक असेल तर उमेदवार एम.बी.बी.एस.साठी अपात्र. आणि राखीव जागा मिळण्याची अट अशी की अपंगत्व किमान ४० टक्के असले पाहिजे. म्हणजे ४० च्या खाली असाल तर राखीव जागा नाही, ४० च्या वर असाल तर प्रवेशच नाही. एका हाताने दिलेला धनादेश दुसऱ्या हाताने थांबवावा तसा हा प्रकार. ओमकार गोंड या विद्यार्थ्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून त्याची तपासणी करवून घेतली. हा विद्यार्थी एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल, असा अभिप्राय मंडळाने दिला. त्याला प्रवेश मिळाला आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सविस्तर कारणे देताना न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कोणालाही बाहेर काढता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम प्रत्यक्ष पूर्ण करू शकतो की नाही हे मंडळाने तपासावे आणि नकार दिल्यास कारणे लिहावीत. चार महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, अनमोल या विद्यार्थ्याच्या प्रकरणात 'दोन्ही हात शाबूत' असण्याच्या अटीवरही न्यायालयाने असेच ताशेरे ओढले.

या निकालांत एक गोष्ट वारंवार दिसते. 'तुला काय नाही' हा प्रश्न बाजूला ठेवून 'तुला काय करता येते' हे विचारायला न्यायालय सांगते. कर्जाचा अर्ज तपासणारा चांगला अधिकारीही तेच करतो. तारण किती आहे एवढेच पाहिले तर नव्या उद्योजकाला कधीच कर्ज मिळणार नाही. म्हणून तारणाच्या अटीत शिथिलता असते, व्यवसायाची क्षमता मात्र कसून पाहिली जाते, आणि हप्ते ठरल्याप्रमाणे फेडावेच लागतात. तारण नव्हते म्हणून मुद्दल कमी फेडले तरी चालेल, असे कोणतीही बँक म्हणत नाही.

येथेच गादीवरच्या प्रश्नकर्त्याचे म्हणणे निम्मे बरोबर ठरते. आत येण्याच्या दारावर मुभा असावी, पण बाहेर पडण्याच्या दारावर नसावी. चार्टर्ड अकाउंटंटच्या अंतिम परीक्षेत प्रत्येक विषयात ४० आणि एकंदर ५० टक्के गुण लागतात. दिव्यांग उमेदवाराला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, परंतु ४० चे ३५ होत नाहीत. म्हणूनच दृष्टिहीन सी.ए.ने सही केलेला ताळेबंद आणि दुसऱ्या कोणी सही केलेला ताळेबंद यांत बँक फरक करीत नाही. शालान्त परीक्षेत दिव्यांग मुलांना काही वाढीव गुण दिले जातात. त्या पायरीवर मूल शिक्षणात टिकावे हा हेतू असल्याने ते समजण्यासारखे आहे. पण पदवी किंवा व्यवसायाचा परवाना देताना तसे करणे म्हणजे पासंग सोडून सूट देणे होय, आणि त्याचा पहिला तोटा त्या विद्यार्थ्यालाच होतो. त्याच्या पदवीकडे आयुष्यभर संशयाने पाहिले जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या एका कर्णबधिर महिलेच्या प्रकरणात, अभ्यासक्रमाचा गाभाच बदलावा लागेल इतकी तडजोड करण्यास महाविद्यालय बांधील नाही, असे म्हटले होते. त्या महिलेला नाकारले ते योग्य होते की नाही यावर मतभेद होऊ शकतात. आजची श्रवणयंत्रे तेव्हा नव्हती. गाभा आणि गाभ्याबाहेरचे असा भेद करणे मात्र टळत नाही.

आणखी दोन गोष्टी अडचणीच्या आहेत, त्या लपवू नयेत. एक, खोटी प्रमाणपत्रे. २०२४ साली पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. मर्यादेपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिल्याच्या कारणावरून लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी त्या उमेदवारीला पूर्णविराम दिला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांविषयीचा वाद न्यायालयात गेला. अशा बातम्यांनंतर संशय खऱ्या दिव्यांगांवर येतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ नुसार खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पेठेत कोणी खोटे माप ठेवले तर वैधमापन निरीक्षक त्या दुकानदारावर खटला भरतो; बाजारातले सगळे तराजू उचलून नेत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. नोकरीतील राखीव जागांची विभागणी दृष्टिदोष, श्रवणदोष, अस्थिव्यंग वगैरे गटांत केलेली आहे. शिक्षणाच्या कलम ३२ मध्ये तशी विभागणी नाही. कायद्याने मान्य केलेली अपंगत्वे २१ आहेत. त्यामुळे शहरातील चांगल्या शाळेत शिकलेला, पायात किंचित दोष असलेला मुलगा आणि खेड्यातील पूर्ण अंध मुलगी एकाच पाच जागांसाठी उभे राहतात, आणि जागा बहुधा पहिल्याला मिळते. कायद्याची एवढी बाजू खरोखर दुरुस्त करण्याजोगी आहे. सवलत काढून घेण्यासाठी जितका आवाज उठतो, तितका ती योग्य हाती जावी म्हणून उठत नाही.

व्यापारी घरांतील वास्तव याहून वेगळ्या ठिकाणी अडते. जयपूर फुटची शिबिरे भरवण्यात जैन समाज कधीच मागे नसतो. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे काम देशाबाहेरही गेले आहे. पण स्वतःच्या घरात असे मूल असेल तर? बहुतेक वेळा प्रमाणपत्रच काढले जात नाही. बहिणीचे लग्न व्हायचे असते, परिचय मेळाव्यात चर्चा नको असते. "शिकून काय करायचे आहे? दुकान आहेच, गल्ल्यावर बसेल," असे प्रेमानेच म्हटले जाते. सुखलालजींच्या घरीही कोणी तरी असेच म्हणाले असेल. कोणी पूर्वकर्माचा दाखला देतात. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात मात्र दुसऱ्याच्या ज्ञानाच्या वाटेत अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्म ओढवून घेण्याचे एक कारण म्हणून सांगितले आहे. मुलाच्या कर्माची चर्चा करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या बाजूचाही विचार करायला हरकत नाही.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग व अनाथ तरुण-तरुणी निवासी राहून उच्च शिक्षणाची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. घराच्या आतल्या खोलीत असे मूल असलेल्या पालकांनी एकदा तेथे जाऊन यावे. कागदपत्रांसाठी धावपळ मात्र वेळेवर करावी लागते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, दहावीपूर्वीच काढलेले बरे, कारण लेखनिक आणि जादा वेळेची मागणी परीक्षेच्या फार आधी करायची असते. वैद्यकीय प्रवेशासाठीची तपासणी स्थानिक रुग्णालयात होत नाही; ती नेमून दिलेल्या निवडक केंद्रांवरच करून घ्यावी लागत आली आहे, आणि खान्देशातील कुटुंबाला त्यासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. प्रवेशफेरीच्या धावपळीत, चाकाच्या खुर्चीसह हा प्रवास कसा होतो हे ज्यांनी केला त्यांनाच ठाऊक.

आणि लेखनिक मिळत नाहीत. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर २०१८ च्या सूचनांनुसार तो परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने एक पायरी खालचा असावा लागे. बारावीच्या मुलाला अकरावीतला लागे, पदवीच्या विद्यार्थ्याला त्याहून एक पायरी खाली असलेला लागे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंप्राळ्यातील व्यापारी घरांत अकरावीत असलेली कितीतरी मुले-मुली सकाळी मोकळी असतात. अक्षर स्वच्छ असावे, सांगितलेले जसेच्या तसे लिहावे, स्वतःचे ज्ञान त्यात घालू नये, एवढ्याच अटी आहेत. तीन तासांच्या पेपरला चार तास बसावे लागते.